पहिल्या दहा आठवड्यांतील गर्भपात आणि दूरस्थ वैद्यकीय सल्ला: सोनोग्राफीविना गोळ्या घेणे कितपत सुरक्षित?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पाळी चुकून दोन आठवडे झाले, घरी केलेल्या लघवीच्या तपासणीत गर्भधारणा दिसली, गर्भ ठेवायचा नाही हा निर्णय पक्का आहे, आणि फोनवर सल्ला देऊन गोळ्या घरपोच पाठवणाऱ्या एका सेवेने सोनोग्राफीचा आग्रह न धरता गोळ्या देण्याची तयारी दाखवली आहे. डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलेलेच नसेल तर ही सेवा विश्वासार्ह मानावी का, घरी नेमके काय सोसावे लागेल, आणि काही बिघडले तर काय करायचे, असे तीन उपप्रश्न त्यात आहेत.

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझे मत आधीच सांगतो. इतक्या सुरुवातीच्या काळात सोनोग्राफी सांगितली नाही, एवढ्यावरून सेवा बेजबाबदार ठरत नाही. मात्र प्रश्न न विचारता गोळ्या पाठवल्या, तर ती निश्चितच बेजबाबदार ठरते. या उपचाराची सुरक्षितता तीन गोष्टींवर अवलंबून असते: शेवटच्या पाळीची तारीख खात्रीची असणे, गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शंका नीट चाचपलेली असणे, आणि गोळ्या घेतल्यानंतर रात्री-अपरात्री उत्तर देणारे कोणी असणे. या तिन्ही गोष्टी फोनवरून साधता येतात, आणि दवाखान्यात समोर बसूनही त्या राहून जाऊ शकतात.

पूर्वी हा उपचार दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यावा लागे, याला वैद्यकीय कारणांइतकीच कायद्याचीही पार्श्वभूमी होती. या उपचारातील पहिली गोळी म्हणजे मिफेप्रिस्टोन; या औषधाला फ्रान्समध्ये १९८८ साली मान्यता मिळाली, अमेरिकेत २००० मध्ये आणि भारतात २००२ मध्ये. नवे औषध, नाजूक विषय आणि काटेकोर कायदे यांमुळे ती गोळी डॉक्टरांसमोरच गिळावी असा दंडक अनेक देशांनी घातला. प्रत्यक्षात पहिली गोळी गिळल्यानंतर काही तास बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. खरा परिणाम मिसोप्रोस्टॉल या दुसऱ्या औषधानंतर सुरू होतो आणि त्या वेळी बहुतेक जणी घरीच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, तेव्हा ती निकट वैद्यकीय देखरेखीखालीच वापरावीत अशी टीप जोडली होती. २०१९ मध्ये ती टीप काढून टाकण्यात आली. संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर दूरसल्ल्याने दिलेली गर्भपात सेवा हा प्रत्यक्ष भेटीला पर्याय म्हणून स्पष्टपणे शिफारस केलेला आहे, आणि गर्भपातापूर्वी प्रत्येकीची सोनोग्राफी ही पूर्वअट असू नये असेही म्हटले आहे.

या भूमिकेला भक्कम आधार मिळाला तो २०२० मध्ये. महासाथीच्या काळात इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडने मार्चअखेर दोन्ही औषधे घरी घेण्याची परवानगी दिली. इंग्लंड व वेल्समधील ५२,००० हून अधिक गर्भपातांची आधीच्या व नंतरच्या महिन्यांत तुलना केली गेली. पहिल्या गटात सर्वांची प्रत्यक्ष भेट व सोनोग्राफी झाली होती. दुसऱ्या गटात निम्म्याहून अधिक स्त्रियांना केवळ फोनवरील चौकशीनंतर गोळ्या मिळाल्या आणि उरलेल्यांना गरजेनुसार तपासणीसाठी बोलावले गेले. गर्भपात पूर्ण होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ९८.२ टक्के तर दुसऱ्या गटात ९८.८ टक्के होते, आणि गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे दर हजारी एकापेक्षाही कमी होती. मला यातला सर्वांत बोलका आकडा प्रतीक्षेचा वाटतो: उपचार मिळेपर्यंतचा सरासरी काळ १०.७ दिवसांवरून ६.५ दिवसांवर आला आणि सहा आठवड्यांच्या आत उपचार मिळालेल्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. या उपचारात प्रत्येक जादा आठवड्याबरोबर वेदना, रक्तस्राव आणि अपयशाची शक्यता थोडी थोडी वाढते, त्यामुळे वाचलेले चार दिवस हा निव्वळ सोयीचा मुद्दा राहत नाही. अमेरिकेतही दूरसल्ल्याने झालेल्या सहा हजारांहून अधिक गर्भपातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ९७.७ टक्के स्त्रियांना पुढील कोणत्याही उपचाराची गरज पडली नाही.

आता त्या फोनवरच्या चौकशीकडे येऊ, कारण सगळा भार तिच्यावर आहे. पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाचा असतो. गर्भधारणेचे आठवडे त्या दिवसापासून मोजले जातात, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल आणि ती चुकून दोन आठवडे झाले असतील, तर गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा आहे. बहुतेक स्त्रियांची ही गणना सोनोग्राफीशी पुरेशी जुळते. जिथे ती फसते त्या परिस्थिती ओळखीच्या आहेत. पाळी मुळातच अनियमित असणे, बाळंतपणानंतर किंवा अंगावर पाजत असताना पाळी न येताच गर्भ राहणे, गर्भनिरोधक गोळ्या किंवा इंजेक्शन नुकतेच बंद केलेले असणे, आणि सर्वांत फसवी म्हणजे आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीनंतर किंवा गर्भ रुजताना झालेला अल्प रक्तस्राव पाळी समजला जाणे. म्हणून केवळ ‘पाळी कधी आली’ एवढे विचारून भागत नाही. ती नेहमीसारखी होती का, तितकेच दिवस आणि तितकेच अंगावरून गेले का, हेही विचारावे लागते. उत्तरात संदिग्धता असेल तर सोनोग्राफी हवीच, आणि चांगली सेवा अशा वेळी स्वतःहून तपासणीला पाठवते.

दुसरा प्रश्न गर्भनलिकेतील गर्भाचा. एकूण गर्भधारणांपैकी सुमारे एक ते दोन टक्के गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत रुजतात. गर्भपाताच्या गोळ्या अशा गर्भावर उपचार करत नाहीत; उलट गोळ्यांनंतर थोडेसे रक्त गेले की गर्भपात झाला असा समज होतो आणि नलिका फुटेपर्यंत खरे निदान लांबते. म्हणून पूर्वी नलिकेत गर्भ राहिला होता का, नलिकेची किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे का, ओटीपोटात मोठा जंतुसंसर्ग होऊन गेला आहे का, तांबी बसवलेली असताना गर्भ राहिला आहे का, आणि सध्या पोटात एका बाजूला दुखते का, खांद्याच्या टोकाशी कळ येते का, चक्कर येते का, मधूनच रक्त दिसते का, हे सर्व विचारले गेले पाहिजे. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर आधी सोनोग्राफी, मग गोळ्यांचा विचार. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: पाच आठवड्यांच्या सुमारास केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयातली सुदृढ गर्भधारणाही पुष्कळदा दिसत नाही. तेव्हा इतक्या लवकर केलेली सोनोग्राफी नलिकेतील गर्भाची शंका पूर्णपणे फेडतेच असे नाही, आणि उपचारानंतर लक्षणांवर नजर ठेवण्याचे महत्त्व सोनोग्राफी केलेल्या स्त्रीसाठीही तेवढेच राहते.

तिसरा भाग आजार व औषधांचा. अधिवृक्क (मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल) ग्रंथींचा जुना विकार, दीर्घकाळ घेतली जाणारी स्टेरॉइडे, रक्त न गोठण्याचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे, आनुवंशिक पॉर्फिरिया (रक्तातील रंगद्रव्य घडण्यातील दोष), आणि या गोळ्यांची ॲलर्जी असताना घरी उपचार करू नये. तांबी आत असेल तर ती आधी काढावी लागते. तीव्र रक्तक्षय, हृदयविकार किंवा ताबा नसलेला दमा असेल तर प्रत्यक्ष तपासणी श्रेयस्कर. आधीचे सिझेरियन मात्र या आठवड्यांत आड येत नाही, आणि अंगावर पाजणेही नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या गर्भाला धोका होऊ नये म्हणून प्रत्येकीला अँटी-डी हे इंजेक्शन द्यावे अशी जुनी पद्धत होती. जागतिक आरोग्य संघटना आता बारा आठवड्यांच्या आत त्याची शिफारस करत नाही, पण काही देशांत व काही डॉक्टरांकडे ही पद्धत अजून चालू आहे, म्हणून आपला रक्तगट माहीत असल्यास तो आवर्जून सांगावा.

आणखी एक प्रश्न विचारला जायला हवा, तो म्हणजे खोलीत आपण एकट्या आहात का आणि हा निर्णय आपला स्वतःचा आहे का. दूरसल्ल्यावरचा मला सर्वांत रास्त वाटणारा आक्षेप हाच आहे की पडद्यामागे कोण उभे आहे हे डॉक्टरला दिसत नाही. अनुभवी समुपदेशक ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यातच उत्तर देता येईल अशा रीतीने विचारतात, शंका आल्यास वेगळ्या वेळी पुन्हा फोन करतात किंवा प्रत्यक्ष भेटीला बोलावतात. मुलगी अल्पवयीन असेल तर बहुतेक ठिकाणी वेगळे नियम लागू होतात आणि तिथे फोनवर काम उरकणे योग्यही नाही.

औषधांची रीत आता बरीच स्थिर झाली आहे. प्रथम मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी पाण्याबरोबर गिळायची. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम ती रोखते. त्यानंतर २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे बहुधा २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या, गालाच्या आत, जिभेखाली किंवा योनिमार्गात ठेवायच्या. तोंडात ठेवल्यास सुमारे तीस मिनिटे तशाच विरघळू द्याव्यात आणि उरलेला चोथा मग पाण्याने गिळावा. लगेच गिळून टाकल्यास परिणाम कमी होतो. नऊ आठवडे उलटले असतील तर अनेक सेवा मिसोप्रोस्टॉलची जादा मात्रा देतात. आपल्याला दिलेल्या लेखी सूचना यापेक्षा वेगळ्या असतील तर त्याच पाळाव्यात आणि का वेगळ्या आहेत हे विचारून घ्यावे. मनात तीळमात्र दुविधा असेल तर पहिली गोळी घेऊ नये. तिच्यापूर्वी थांबणे पूर्णपणे सोपे असते, तिच्यानंतर मात्र नाही.

मिसोप्रोस्टॉलनंतर साधारण एक ते चार तासांत ओटीपोटात कळा सुरू होतात आणि पाठोपाठ रक्तस्राव. या कळा पाळीच्या कळांसारख्या असतात असे सांगितले जाते, पण मी तसे सांगत नाही. अनेक जणींना त्या पाळीपेक्षा बऱ्याच तीव्र वाटतात, आणि आधी सौम्य चित्र रंगवले तर त्या वेळी स्त्री घाबरते. आयब्युप्रोफेन कळा सुरू होण्याची वाट न पाहता घेता येते, त्याने गर्भपाताच्या औषधाचा परिणाम घटत नाही, आणि गरम पाण्याच्या पिशवीने आणखी आराम पडतो. रक्ताच्या गाठी पडतात, काहींना पांढुरका भाग दिसतो. सहा-सात आठवड्यांपर्यंत ओळखता येईल असे फारसे काही दिसत नाही, पण दहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसू शकते, आणि ही गोष्ट आधी सांगणे हे सेवेचे कर्तव्य आहे. थंडी वाजणे, अंग गरम होणे, मळमळ, जुलाब हे मिसोप्रोस्टॉलचे परिणाम त्याच दिवशी ओसरतात. मुख्य भाग बहुधा चार-सहा तासांत उरकतो. त्यानंतर साधारण दोन आठवडे अंगावरून कमी-अधिक जात राहते आणि थोडे डाग महिनाभरही दिसू शकतात. त्या दिवशी एखादी विश्वासू प्रौढ व्यक्ती सोबत असावी आणि वाहन मिळू शकेल अशी व्यवस्था असावी.

धोक्याची चिन्हे लिहून समोर ठेवावीत. सलग दोन तास, प्रत्येक तासाला दोन किंवा अधिक मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, मिसोप्रोस्टॉलनंतर चोवीस तास उलटूनही १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप राहिला किंवा नव्याने आला, औषधाने न थांबणारे पोटदुखी, विशेषतः एका बाजूला, दुर्गंधीयुक्त स्राव, भोवळ किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर फोनची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. याच्या उलट बाजूकडे मात्र दुर्लक्ष होते. मिसोप्रोस्टॉलनंतर चोवीस तासांत रक्तस्राव झालाच नाही किंवा नुसते डाग पडले, तर त्रास कमी झाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नये. गर्भ वाढतच आहे किंवा तो नलिकेत आहे, या दोन्ही शक्यता त्यामागे असू शकतात, आणि त्याच दिवशी सेवेला कळवले पाहिजे.

पाठपुरावा हा भाग सर्वांत जास्त टाळला जातो. आठवड्या-दोन आठवड्यांनी फोनवर लक्षणांची चौकशी, आणि सुमारे चार आठवड्यांनी घरी लघवीची तपासणी, एवढे बहुतेकींना पुरते. साधी तपासणी त्याआधी केली तर गर्भपात पूर्ण होऊनही ती होकारार्थी येऊ शकते, कारण संप्रेरक रक्तातून जायला वेळ लागतो. चार आठवड्यांनंतरही ती होकारार्थी असेल, किंवा मळमळ व स्तनांचा ताठरपणा कायम असेल, तर सोनोग्राफी करावी. सुमारे शंभरात एक किंवा त्याहूनही कमी जणींचा गर्भ गोळ्यांनंतरही वाढत राहतो. मिसोप्रोस्टॉलमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने अशा वेळी पुढील उपचार लांबवू नये. याउलट, सगळे ठीक असताना आठव्या-दहाव्या दिवशी केवळ खात्रीसाठी सोनोग्राफी करू नये असे मी आवर्जून सांगतो. त्या वेळी गर्भाशयात थोडे रक्त व जाड अस्तर दिसणारच. अहवालात ‘अवशेष’ असे लिहून येते आणि ज्या स्त्रीला ना ताप आहे ना जास्त रक्तस्राव, तिची पिशवी विनाकारण साफ केली जाते. निर्णय लक्षणांवरून व्हावा, अस्तराच्या जाडीवरून नव्हे. आणि पुन्हा गर्भ राहण्याबाबत: गर्भपातानंतर बीज दोन आठवड्यांच्या आतही सुटू शकते, त्यामुळे गर्भनिरोधनाचा विचार पहिल्याच सल्ल्यात व्हावा. या उपचाराने पुढे मूल होण्यात अडथळा येत नाही.

सेवा खरी की नुसता विक्रीचा धंदा, हे ओळखणे फार अवघड नाही. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक मिळतो का. पैसे घेण्यापूर्वी वरचे प्रश्न विचारले गेले का. कधीतरी ‘तुम्हाला आमची सेवा योग्य नाही, रुग्णालयात जा’ असे सांगण्याची त्यांची तयारी दिसते का. रात्री चालणारा क्रमांक आहे का, हे पाहावे. तो क्रमांक गोळ्या घेण्यापूर्वी एकदा लावून पाहणे उत्तम. पाकीट हाती आल्यावर दोन्ही औषधांची नावे, मात्रा, मुदत आणि पट्टीचे आवरण तपासावे. मिसोप्रोस्टॉल दमटपणाने लवकर निकामी होते, म्हणून आवरण फाटलेली पट्टी किंवा सुट्या गोळ्या घेऊ नयेत.

कायद्याचा मुद्दा देशागणिक वेगळा असल्याने त्याची खात्री आधी करावी. इंग्लंड व वेल्समध्ये ही घरगुती पद्धत ऑगस्ट २०२२ पासून कायमस्वरूपी झाली असून तिची मर्यादा ९ आठवडे ६ दिवस आहे. अमेरिकेत औषध नियामकाने प्रत्यक्ष भेटीची अट डिसेंबर २०२१ मध्ये उठवली, पण गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर अनेक राज्यांनी गर्भपातावरच बंदी आणली. भारतात १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातील २०२१ ची सुधारणा लागू आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची लागत नाही, आणि तिची ओळख गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. गोळ्यांनी गर्भपाताची मर्यादा तिथे नऊ आठवड्यांची आहे. फोनवर सल्ला व पाठपुरावा घेता आला, तरी गोळ्या देणारा डॉक्टर या कायद्याने ठरवलेल्या पात्रतेचा असणे आणि गरज पडल्यास मान्यताप्राप्त केंद्राची सोय त्याच्याकडे असणे, या अटी सुटत नाहीत. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

आपल्या बाबतीत पाळी नियमित असेल, तारीख खात्रीची असेल आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी नसेल, तर सोनोग्राफीविना पुढे जाण्यास माझी हरकत नाही. आपत्कालीन उपचार देणारे रुग्णालय दोन तासांपेक्षा दूर असेल किंवा घरी दुसरे कोणीच नसेल, तर मी प्रत्यक्ष भेटीचा किंवा दवाखान्यातच उपचार घेण्याचा आग्रह धरेन. घरी खासगीपणा नसेल, किंवा एकाच बैठकीत सर्व संपावे असे वाटत असेल, तर नळीने गर्भाशय रिकामे करण्याची छोटी शस्त्रक्रियाही तितकीच योग्य निवड आहे. आणि कधी रुग्णालयात जावे लागलेच, तर कोणती गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कशी घेतली, हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. शक्य असल्यास औषधाची रिकामी पट्टी सोबत न्यावी, म्हणजे निदानात वेळ जात नाही.